कौलांखालच्या गोगलगायी

शालन कुंपणाच्या कडेनं चुन्याची रेघ ओढत होती. पाटीत फक्की घेऊन, मूठ सैल सोडत, वाकून, कोपऱ्यापासून थेट फाटकापर्यंत. रस्त्यापलीकडं एक रिकामा प्लॉट होता, त्यात कमरेएवढं गवत माजलं होतं. गोगलगायी तिथनंच येतात असं तिनं ठरवून टाकलं होतं.

"आता या म्हणावं," कंबर सरळ करत ती म्हणाली. "बघतेच कशा आत शिरत्यात त्या."

मी सोप्यातल्या खुर्चीत बसून तिच्याकडं बघत होतो. त्या आत शिरणार नव्हत्या, कारण त्या आतच होत्या. मला ते पक्कं ठाऊक होतं. रोज दिवेलागणीला मी त्यांना घरातून निघणाऱ्या माणसांसारखं निघताना बघत होतो. आणि एवढं एक वाक्य मला माझ्या बायकोला सांगता येत नव्हतं.

"चला," मी म्हणालो आणि डाव्या हातानं अंगणाच्या कोपऱ्याकडं दाखवलं. "चला, चला."

तिनं चुन्याचे हात पदराला पुसले आणि पायऱ्या चढून वर आली.

"चला की. सकाळपास्नं गेलाच न्हाईसा." माझ्या काखेत हात घालून तिनं मला उठवलं आणि कोपऱ्यातल्या संडासाकडं घेऊन गेली.

आजऱ्याच्या एसटी स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो. लोक नुसतं कंट्रोलर म्हणायचे. माझी सगळी नोकरी त्या काचेच्या केबिनमध्ये माईकपुढं गेली. माझं तोंड फार थोड्यांना माहीत होतं, पण आवाज सगळ्या तालुक्याला माहीत होता. बाजारात भाजीवालीला भाव विचारला तर ती मान वर करून म्हणायची, "अगं बया, स्टँडावरचं तुम्हीच काय?" घरीही मी तसाच. शालन म्हणायची की ह्यांनी न्हाणीतनं टॉवेल मागितला तरी निम्मी गल्ली घेऊन येईल.

रिटायर झालो आणि पुढच्याच उन्हाळ्यात एका सकाळी दात घासताना ब्रश हातातनं गळून पडला. तो उचलायला वाकलो ते परत उठलोच नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यातनं घरी आणलं तेव्हा उजवा हात लोंबकळत होता, उजवा पाय ओढत होता आणि बोलणं बंद. म्हणजे एक शब्द शिल्लक राहिला होता, चला. पाणी मागायला तोंड उघडलं तरी चला. नको म्हणायचं असलं तरी चला. डोक्यात शब्द स्वच्छ दिसायचा, तोंडापर्यंत यायचा आणि दारातनं बाहेर पडताना त्याचा चला व्हायचा.

लिहून दाखवावं, तर डाव्या हातानं पाटीवर रेघोट्याच उठायच्या. अक्षरंही शब्दांबरोबरच गेली होती. भेटायला येणारे लोक माझ्याशी मोठ्यानं बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं. मग आवाज खाली आणून शालनला विचारायचे, "समजतंय का काही?" मी तिथंच असायचो.

सरकारी दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर शबाना मुल्ला, दर आठवड्याला घरी यायची. वयानं लहान, पण बोलणं ठाम. तिनं पहिल्याच दिवशी शालनला सांगितलं होतं, "काकी, त्यांना सगळं समजतं. फक्त बोलायची वाट अडलीय. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू नका, त्यांच्याशी बोला." शालन तसं वागायची. दिवसभर माझ्याशी बोलायची. अडचण एवढीच होती की उत्तरंही तिलाच द्यावी लागायची.

बाग तिची होती. गावाबाहेर घर बांधलं तेव्हा पुढच्या मोकळ्या जागेत गाडी उभी करायला फरशी टाकू म्हणालो होतो. ती म्हणाली, गाडी हाय कुठं आपल्याकडं. आणि तिनं तिथं डेलिया लावले. लाल, जांभळे, ताटलीएवढे पिवळे. मध्ये शेवंती, कडेला घेवडा आणि वांगी. पावसाळा सरता सरता रस्त्यानं जाणारी माणसं फाटकाशी थबकायची. तिला त्याचा केवढा अभिमान होता ते ती बोलून दाखवायची नाही. फाटकाजवळची झाडं तेवढी जास्त निगुतीनं बांधायची.

त्या वर्षी मी आजारी, तिचं लक्ष माझ्यात. आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात गोगलगायी आल्या. पाठीवर मुठीएवढा शंख, त्यावर तपकिरी पट्टे. आमच्याकडं एवढ्या मोठ्या कुणी पाहिल्या नव्हत्या. सकाळी उठून बघावं तर घेवड्याच्या पानांची चाळण झालेली आणि डेलियाचे कोंब बुडापासून कुरतडलेले. मातीवर वाळलेल्या चिकटाची चकाकी. काही कुंपणाच्या तारेला चिकटलेल्या सापडायच्या, म्हणून त्या पलीकडनं येतात असं सगळ्यांचं मत झालं.

मत माझंही तेच झालं असतं, पण मी दुपारपासून अंधार पडेपर्यंत त्या खुर्चीत बसलेला असायचो. मला दुसरं कामच नव्हतं. अंगणाच्या कोपऱ्यात, संडासाच्या वाटेला लागून, जुन्या कौलांचा ढीग होता. घरावर पत्रे घातले तेव्हा उतरवलेली कौलं. त्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर तोंडलीचा वेल. दिवस कलला की ताडपत्रीच्या कडेखालून एक शिंग बाहेर यायचं. मग दुसरं. मग अख्खी गोगलगाय. तिच्यामागं आणखी एक. घाई नाही, गडबड नाही. गवतातनं वाट काढत त्या वाफ्यांकडं निघायच्या. शालन त्या वेळी आत, चुलीजवळ. ती बाहेर येईपर्यंत अंधार झालेला असायचा, आणि सकाळपर्यंत पावसानं त्यांचा माग धुऊन टाकलेला असायचा.

आणि मी त्या ढिगाकडं बोट दाखवून म्हणायचो, चला, चला. संडास त्याच बाजूला. त्यामुळं शालन मला उठवून तिकडं न्यायची. येताना मी कौलांकडं ओढ घ्यायचो, तर ती आणखी घट्ट धरायची. "तिकडं कुठं? घसरडं हाय. पडलासा म्हंजे?" एका संध्याकाळी तर तिनं मला तीनदा नेऊन आणलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुल्लाला विचारलं, "ह्यांना लघवीचा काय त्रास सुरू झालाय काय हो?" मला सरकारी दवाखान्यातनं औषध सुरू झालं. ते मी घेतलं.

श्रावणात आमचा मुलगा रणजित पुण्याहून आला. एकुलता एक, कंपनीत चांगल्या जागेवर. आईची दशा बघून त्याचा जीव कळवळला. तिचे हात चुन्यानं फुटले होते, डोळे आत गेले होते.

"आई, पुरे आता. पुण्याला चला दोघंही. लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. अण्णांना तिथं बोलायला शिकवणारे लोक आहेत."

"घर?"

"घराला कुलूप लावू. पुढचं पुढं बघू."

शालननं वाफ्याकडं बघितलं. उरलेले कंद तिनं मडक्यात राखून ठेवले होते, त्यांना कोंब फुटायला लागले होते.

"हे एवढं कंद लावते," ती म्हणाली. "गणपतीपर्यंत जगलं तर मला न्यायचं नाव काढू नको. न्हाई जगलं तर मी आपण होऊन सामान बांधते."

"आई, बागेवर असं ठरवतात का?"

"मग कशावर ठरवायचं? बाग सांभाळायचा दम न्हाई राहिला, तर ह्यांना सांभाळायचा तरी कुठनं आणू? एवढं जमलं तर मी समजेन की जमतंय."

रणजितनं होकारार्थी मान हलवली. मला कुणी विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता, मी चला म्हणालो असतो.

मला पुण्याला जायचं नव्हतं. त्या फ्लॅटच्या खिडकीतनं समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. तिथं मी खुर्चीत बसलो असतो आणि शालन माझ्याजवळ बसली असती, आणि दोघांनाही बघायला काही नसतं. हे सगळं माझ्या डोक्यात अगदी नीट वाक्यांनी तयार होतं.

कंद लावले. चुन्याची रेघ नव्यानं ओढली. तिसऱ्याच दिवशी निम्मे कोंब गेले. शालननं रेघ तपासली, ती अखंड होती. ती गोंधळात पडली. शेजारच्या जनार्दन गुरवानं सांगितलं, "वहिनी, मीठ टाका. मिठापुढं टिकत न्हाईत." तिनं वाफ्यात मीठ टाकलं. काही गोगलगायी फेस येऊन मेल्या खऱ्या, पण मीठ पावसानं मुळात उतरलं आणि कडेची वांगी मान टाकून सुकली. जनार्दन येऊन बघून गेला. नंतर बरेच दिवस तो आमच्या दारावरनं जाताना दुसरीकडं बघत जायचा.

मी काय काय करून पाहिलं. डॉक्टर मुल्लानं पाटी दिली तेव्हा कौल काढायचा प्रयत्न केला. चौकोन जमला, वाकडा.

"घर?" तिनं विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. "पेटी? दार? पुस्तक?"

"चला," मी म्हणालो आणि पाटी भिरकावली. ती फुटली. शालन खापऱ्या गोळा करून घेऊन गेली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं माझ्याशी बोलणं थांबवलं. रागानं नव्हे. दमली होती.

गणपती आले. रणजित दोन दिवस आधीच आला, जाताना आम्हाला घेऊन जायच्या तयारीनं. खोकी घेऊन आला होता. तोवर डेलियाची एकच ओळ शिल्लक होती, अगदी पायऱ्यांपुढची. ती का वाचली ते शालनला कळत नव्हतं. मला कळत होतं. कौलांपासून ती सगळ्यात लांब होती. आदल्या संध्याकाळी त्या तिथवर पोचता पोचता राहिल्या होत्या, मधल्या शेवंतीत अडकून. आज शेवंती संपली होती.

दिवे लागायची वेळ. पाऊस नुकताच थांबला होता. रणजित आणि शालन पायऱ्यांवर बसले होते, मी मागं खुर्चीत.

"एक ओळ राहिलीय," ती म्हणत होती. "ह्याला जगलं म्हणायचं का न्हाई, तूच सांग."

"आई, तू स्वतःलाच फसवायलीस."

"व्हय," ती म्हणाली. "बांध खोकी."

ते तिनं इतक्या साध्या आवाजात म्हटलं की मला उजव्या बाजूलाही काहीतरी जाणवलं. आणि त्याच वेळी ताडपत्रीच्या कडेखालनं पहिलं शिंग बाहेर आलं.

"चला," मी म्हणालो. "चला, चला, चला."

रणजित उठला. "चला अण्णा, नेतो." त्यानं मला उभं केलं. मी दाराची चौकट डाव्या हातानं धरली आणि सोडेना. मला जायचं नव्हतं, त्या दोघांनी कौलांकडं जायला हवं होतं. त्याला वाटलं तोल जातोय, त्यानं कमरेला मिठी मारली. शालन धावत वर आली. आम्ही तिघं त्या दारात अडकून उभे होतो. त्या दोघांना माझं म्हणणं कळत नव्हतं, आणि पलीकडं तीन-चार गोगलगायी गवतात उतरल्याही होत्या.

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी आलं. खेड्यातला म्हातारा होता, डोक्यावर पोतं, बगलेत छत्री. आमचं घर स्टँडच्या रस्त्यावर. कंट्रोलरचं घर म्हणून लोक जाता जाता विचारून जायचे, रिटायर झाल्यावरसुद्धा. त्याला माझ्या आजाराचं काही माहीत नसावं.

"साहेब," त्यानं हाक दिली, "गारगोटी हाय का गेली?"

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," कुणीतरी म्हणालं. "उत्तूरमार्गे गारगोटीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे."

आवाज घोगरा होता, शेवटाला जरा घसरला, पण शब्द सगळे जागच्या जागी होते. क्षणभर मला वाटलं मागं रेडिओ लागलाय.

"मग घावंल," म्हातारा म्हणाला आणि भराभरा चालू लागला. त्याला त्यात नवल काहीच नव्हतं.

रणजितची मिठी सैल झाली. शालननं तोंडावर हात धरला होता.

"अण्णा," रणजित हळूच म्हणाला, "परत बोला. काहीही बोला."

मी तोंड उघडलं. "चला," मी म्हणालो.

शालनच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं. तिला वाटलं असणार, आलं होतं तेही गेलं. पण मला एक गोष्ट कळली होती. माझे शब्द मेले नव्हते. ते केबिनमध्ये बसून होते, माईक सुरू व्हायची वाट बघत. घरच्या दारानं ते बाहेर पडत नव्हते, पण ती एक खिडकी उघडी होती. जे काही न्यायचं ते तिथनंच न्यायला हवं होतं.

मी डोळे मिटले. काचेवरचा पाऊस आठवला, फलाटावरची गर्दी आठवली. माईकवर बोटानं टिचकी मारायची मला सवय होती; चौकटीवर टिचकी मारली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," मी म्हणालो. आलं. पुढं जिभेवर कोल्हापूर उभं होतं, निपाणी उभी होती, सगळी रोजची गावं धक्काबुक्की करत होती. मी त्यांना मागं सारलं. थांबलो असतो तर सगळं संपलं असतं. "कौलांखालून... कौलांखालून सुटणारी... गोगलगाय... डेलियाकडे रवाना होत आहे."

रणजितला काही समजलं नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. शालननं मात्र मान वळवली. कोपऱ्याकडं बघितलं, ताडपत्रीकडं, गवताकडं, मग माझ्या डाव्या हाताकडं, जो महिनोन्‌महिने तिकडंच बोट दाखवत आला होता. ती पायऱ्या उतरली, चप्पल न घालता चिखलातनं गेली आणि तोंडलीचा वेल बाजूला ओढून ताडपत्रीचं टोक उचललं.

"रणजित, बॅटरी आण," ती म्हणाली. "आणि बादल्या. घरात हायत तेवढ्या."

तिनं एक कौल उचललं. त्याच्या पोटाला गोगलगायी चिकटल्या होत्या, दाटीवाटीनं. दुसरं उचललं, तेच. खालच्या ओल्या मातीत साबुदाण्यासारख्या पिवळसर अंड्यांचे पुंजके होते, खळ्यात पडलेल्या दाण्यासारखे, पसाभर इथं, पसाभर तिथं. सगळा पावसाळा त्यांनी तिथं संसार मांडला होता आणि शालननं चुन्याची रेघ ओढून त्यांना बाहेरच्यांपासून सुरक्षित ठेवलं होतं.

मग जे काम चाललं ते बघायला मी खुर्चीही घेतली नाही, चौकटीला धरून उभाच राहिलो. रणजितनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. शालननं हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. एकेक कौल उचलायचं, गोगलगायी खरवडून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, अंडी मातीसकट पाटीत भरायची. आवाज ऐकून जनार्दन गुरव कुंपणाशी आला, एवढे दिवस दुसरीकडं बघणारा, आणि तार वर करून आत शिरला आणि कौलं वाहायला लागला. वाफ्याकडं निघालेल्या चुकारांना मी वरनं हेरत होतो.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. घेवड्याच्या... घेवड्याच्या फलाटावर... दोन."

"दोन हायत," शालन ओरडून सांगायची. "घावल्या."

कौलं सगळी हलवून झाली तेव्हा अंधार पडला होता. बादल्या झाकून ठेवल्या. शालन पायरीवर येऊन बसली, कोपरापर्यंत चिखल, केस सुटलेले. मी तिच्याजवळ कसाबसा खाली बसलो. तिनं हाताला बांधलेल्या पिशव्या सोडल्या. मग एकदम माझ्याकडं वळली.

"म्हंजे एवढं दिवस तुम्हाला संडासला जायचं नव्हतंच?"

"चला," मी म्हणालो.

तिला हसू आलं. आधी तोंडातल्या तोंडात, मग तिला ते आवरेना. पोट धरून ती पायरीवर आडवी झाली. "तीन तीनदा नेलं मी," ती म्हणत होती. "औषध पाजलं." रणजितही हसायला लागला, जनार्दनही. मी पण हसत होतो. माझं हसणं अर्ध्या तोंडाचं होतं, पण आवाज पूर्ण होता.

सकाळी उठल्या उठल्या शालन वाफ्यापाशी गेली. पायऱ्यांपुढची ओळ जशीच्या तशी होती. तिनं एकेक पान उलटून बघितलं. मग जनार्दनच्या ओळखीच्या एकाला बोलावून ती कौलं ट्रॅक्टरवर घालून त्याच्या मळ्यावर पाठवून दिली, त्याला गोठ्यावर घालायला हवी होती. जागा खरवडून, उन्हाला उघडी पाडून, आता चुना तिथं टाकला, जिथं टाकायला हवा होता.

खोकी सोप्यातच पडून होती. रणजित चहाचा कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच त्यानं प्रश्न माझ्याकडं बघून विचारला.

"अण्णा, तुमचं काय म्हणणं आहे? पुण्याला यायचं का?"

शालन दारात थांबली. मी चौकटीवर नव्हे, खुर्चीच्या दांड्यावर टिचकी मारली. या वेळी घाई नव्हती. मी शब्द एकेक करून रांगेत उभे केले.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. आजरा–पुणे गाडी... रद्द करण्यात आलेली आहे. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल... दिलगीर आहोत."

रणजितनं कप खाली ठेवला. तो हसला नाही. त्यानं माझा उजवा हात, तो निकामी हात, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मान खाली घालून बसला. शालन आत गेली आणि भांडी घासायला लागली, नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात. जाताना रणजितनं खोकी परत गाडीत टाकली. वेलाची तोंडली तेवढी आईनं एका खोक्यात भरून दिली.

डॉक्टर मुल्लाला आम्ही सगळं सांगितलं तेव्हा ती जागेवरनं उठलीच. म्हणाली, तिच्या एका पेशंटला पाणी मागता यायचं नाही पण तो आरती अख्खी म्हणायचा. वर्षानुवर्षं घोकलेलं डोक्यात दुसऱ्या ठिकाणी राहतं, ते वाचतं. "ह्याच वाटेनं चालवू आपण," ती म्हणाली. आणि चालवलं. कित्येक आठवडे आमच्या घरात सगळं घोषणेनंच चालायचं. चहा फलाट क्रमांक एकवर मागवायचो. भाजी अळणी झाली तर दिलगिरी व्यक्त करायला लावायचो. जनार्दन मुद्दाम कुंपणाशी येऊन विचारायचा, "कंट्रोलर, गडहिंग्लज कधी?" मी सांगायचो.

गोगलगायी एका दिवसात संपल्या नाहीत. रोज संध्याकाळी शालन गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती वाफ्यांत टाकायची, उजाडता उजाडता ती उलटायची, खाली जमलेल्या वेचायच्या. वेचायचं काम हळूहळू मी घेतलं. डाव्या हातानं बादली, उजव्या हातानं वेचणी. पहिल्यांदा बोटं मिटायची नाहीत. गोगलगाय मुठीएवढी असते आणि पळून जात नाही, हे माझ्या हाताला फार सोयीचं पडलं. लहान लहान होत गेल्या तशी बोटंही सुधारली.

पाऊस गेला, थंडी पडायला लागली. ती एक ओळ अशी फुलली की पाय ठेवायला जागा राहिली नाही. लाल, जांभळे, आणि ते ताटलीएवढे पिवळे. रस्त्यानं जाणारे परत फाटकाशी थांबायला लागले. एका सकाळी मी पायरीवर बसलो होतो आणि शालन परडी घेऊन फुलं काढत होती, माझ्याकडं पाठ करून. तिच्या पाठीवरच्या पदरावरनं एक गोगलगाय वर चढत होती. नखाएवढी, राहिलेली एखादी.

"शालन," मी म्हणालो, "पदराला बघ."

तिचे हात थांबले. मीही थबकलो. ना प्रवासी, ना फलाट, ना टिचकी. लग्न झाल्यापासनं ज्या नावानं हाक मारत आलो ते नाव आजारी पडल्यापासून एकदाही माझ्या तोंडातनं बाहेर पडलं नव्हतं. कुठल्याच गाडीवर ते लिहिलेलं नसतं, त्यामुळं घोषणेत आणायची सोय नव्हती. रोज आतल्या आत घोकायचो.

ती वळली. पदराकडं तिनं बघितलंच नाही. परडी तशीच हातात.

"काय म्हणालासा?"

"गोगलगाय," मी म्हणालो. "खांद्याला पोचली."

"पोचू दे," शालन म्हणाली. "आधी नाव घ्या परत."